टाळ्यांसकट

करी रोड, मुंबई
१२ जानेवारी १९५७

दादा, जय भीम.

तुझी बोट एडनला लागली तेव्हा टाकलेलं पत्र पोचलं. आई एकदा वाचून घेते, मग परत वाचायला लावते आणि शेवटी विचारते, "पोटभर जेवतो का, ते कुठं लिहिलंय?" तेवढं प्रत्येक पत्रात लिहीत जा.

डिसेंबरबद्दल तू विचारलंस. बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली त्या दिवशी गिरण्या बंद होत्या. सगळी चाळ चालत दादरच्या चौपाटीवर गेली. गर्दीत बाबा कुठे गेले कळलंच नाही. मी आईचा हात सोडला नाही. घरी आल्यावर बाबांनी खुंटीवरची क्लॅरिनेट काढली, सुटी करून पुसली, पेटीत ठेवली आणि पेटी माळ्यावर टाकली. बँडचा लाल कोट आईला दिला, म्हणाले, "पायपुसणं कर."

मग चाळ कमिटीची सभा झाली. तुझ्या वर्गातला रामदास आता सेक्रेटरी आहे. ठराव असा, की आता आपल्यातलं कुणी दुसऱ्याच्या वरातीपुढे, दुसऱ्याच्या देवापुढे वाजवत चालायचं नाही. पहिला हात बाबांचा वर गेला. मीही केला. ठराव बरोबरच आहे.

पण तेव्हापासून बाबांना चैन नाही. पाळीवरून येतात, बसतात, उठतात, गॅलरीत जातात, परत येतात. ताटाच्या कडेवर बोटं, कठड्यावर बोटं, झोपले तरी पोटावर बोटं चालूच. आई म्हणते, "ह्यांच्या हाताला मुंग्या लागल्यात." मलाही हल्ली एका जागी बसवत नाही. निवडणूक आली आहे. रोज सभा, रोज मोर्चा. शाळेत मुलांना पाढे सांगते तर मुलं बाहेरच्या घोषणांच्या चालीवर म्हणतात.

जेवतोस ना?

तुझी
कांता

* * *

न्यू ऑर्लिन्स
३ मार्च १९५७

कांते, जय भीम.

आईला सांग, जेवतो. भात मिळतो, मासे मिळतात, मिरची आपली आपण सांभाळायची.

बाबांचं वाचून दोन दिवस कामात लक्ष नव्हतं. इंजिनात तेल घालताना हात भाजून घेतला. ठराव झाला ते चांगलंच झालं. वरातीतला कुणीही सोम्यागोम्या त्यांना "ए बँडवाले, पुढं चल" म्हणायचा, ते मीही ऐकलंय. पण म्हणून बाबांनी वाजवणंच सोडायचं, हे मला पटत नाही.

चंदूबरोबर एक रेकॉर्ड पाठवतोय. चंदू माझ्याबरोबर इंजिनखात्यात होता, माहीमच्या कोळीवाड्यातला. तो दुसऱ्या बोटीवर चढलाय, एप्रिलात मुंबईला लागेल. ही रेकॉर्ड बंद खोलीत केलेली नाही. भरलेल्या हॉलमध्ये, लोकांसमोर वाजवताना, तिथल्या तिथे घेतलेली आहे. लोक खोकतात, खुर्च्या सरकतात, टाळ्या पडतात, मधेच कुणीतरी ओरडतं, सगळं तिच्यात आहे. ऐकताना वाटतं, आपणही तिकीट काढून आत बसलोय. ह्याला इथे जॅझ म्हणतात. दुसऱ्या बाजूला एक ब्लूज आहे. ते सोपं असतं. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत मनातलं बोलून टाकायचं.

वाजवणारे सगळे काळे लोक. क्लॅरिनेटवाला बाबांच्याच वयाचा. त्याला मी इथे स्वतः जाऊन ऐकलं. तिसऱ्या रांगेत बसलो होतो. तो सूट घालून समोरच्या दारानं आला, लोक उठून उभे राहिले, त्याला खुर्ची दिली, मगच सुरुवात झाली. हे बाबांना नक्की सांग.

राजाराम

* * *

करी रोड
२१ एप्रिल १९५७

दादा,

चंदू स्वतः घरी येऊन रेकॉर्ड देऊन गेला. बरोबर सुके बोंबीलही आणले होते, त्यामुळे आईला तो फार आवडला. रेकॉर्ड मात्र आपल्या चाळीतल्या चावीच्या ग्रामोफोनवर लागत नाही. चंदूनं बजावलं, "ताई, ही लाँग प्ले हाय. त्या जुन्या मशीनची सुई हिला खाऊन टाकील." माझ्या शाळेत हेरंब म्हणून शिक्षक आहेत, ठाकूरद्वारला राहतात. त्यांच्याकडे विजेवरचा प्लेअर आहे. त्यांना विचारलं, तर लगेच या म्हणाले.

पण आधी दुसरं सांगते. मार्चमध्ये निकाल लागले आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचे उमेदवार निवडून आले तेव्हा लालबाग गुलालानं लाल झालं होतं. त्या दिवशी दौलत मास्तर घरी आले. बाबांच्या बँडचे मालक, तुला आठवत असतील. म्हणाले, "भिवा, ही काय कुणाची वरात नाय. संयुक्त महाराष्ट्राची मिरवणूक हाय. तुझीबी हाय. क्लारनेटशिवाय बँड मुका वाटतो." गेल्या वर्षी गोळीबार झाला तेव्हा बाबा मोर्चात होते, तुला ठाऊक आहे. ते म्हणाले, "मास्तर, मोर्चात चालंन. वाजवत चालणार नाय." आणि खरंच गेले, रिकाम्या हातांनी, बँडच्या बरोबर मागून. परत आले तरी बोटं कठड्यावर चालूच होती.

म्हणून मागच्या रविवारी त्यांना ओढून ठाकूरद्वारला नेलं. हेरंबच्या आईनं चहा दिला. त्यांच्या कपबशा पांढऱ्या, आमच्या दोन वेगळ्या, फुलांच्या. हेरंबचा चेहरा पडला. बाबांनी चहा घेतला नाही, एवढंच.

मग हेरंबनं रेकॉर्ड लावली. आधी नुसता लोकांचा आवाज, जत्रेत लांबून येतो तसा. मग ढोल, मग तुतारीसारखं काहीतरी आणि मग क्लॅरिनेट अशी वर चढली की माझ्या अंगावर काटा आला. बाबा खुर्चीवर पुढे सरकून बसले. मधे एक बाई मोठ्यानं ओरडते, ते तू ऐकलं असशील. बाबांनी हात वर केला. हेरंबला वाटलं, थांबवायचंय. बाबा म्हणाले, "थांबवू नका. ती बाई त्याला काय म्हणाली?"

हेरंब म्हणाले, "वाजव, वाजव, असं काहीतरी."

"पुढं चल नाय म्हणाली?"

"नाही."

बाबांनी ती बाजू परत लावायला सांगितली. परत एकदा. चौथ्यांदा हेरंबनं न विचारताच लावली.

उतरताना जिन्यात मला म्हणाले, "राजारामला लिही. तो माणूस खरंच समोरच्या दारानं आत गेला का? नीट बघून लिही म्हणावं."

तर नीट बघून लिही.

कांता

* * *

गॅल्व्हेस्टन
२ जून १९५७

कांते,

फ्लूमुळे बोट आठवडाभर बंदराबाहेर उभी होती, म्हणून उशीर. मी बरा आहे. आईला ताप-बिप काही सांगू नकोस.

बाबांना सांग, हो. समोरच्याच दारानं. एकदा लिहिलं ते लिहिलं. पेटी माळ्यावरून काढा म्हणावं. वरातीपुढे नाही तर आपल्या लोकांपुढे, खुर्चीवर बसून वाजवा.

आता मी विचारतो त्याचं उत्तर दे. हा हेरंब कोण? चंदूची चिठ्ठी आली त्यात तो लिहितो, ताई दर रविवारी ठाकूरद्वारला जाते. बाबांना एकदा नेलंस ते समजलं. नंतरचे रविवार कशासाठी? जिथे कपबशी वेगळी ठेवतात तिथे परत परत जायला तुला काय आहे? तू शिकलेली आहेस, माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं. पण मी इतक्या लांब आहे, की डोक्यात काहीही येतं. बोटीवर आठ-आठ दिवस नुसतं पाणी बघायचं आणि घरी काय चाललं असेल ते मनात चालू ठेवायचं.

राजाराम

* * *

करी रोड
१४ जुलै १९५७

दादा,

हेरंब शाळेतले शिक्षक आहेत आणि त्यांच्याकडे प्लेअर आहे. मी रेकॉर्ड ऐकायला जाते. दुसऱ्या रविवारी मी माझा कप घरून पिशवीत घालून नेला. तिसऱ्या रविवारी त्यांच्या आईनं तो न बोलता परत पिशवीत ठेवला आणि पांढऱ्या कपात चहा दिला. ह्याच्यापलीकडे तिथे काही घडत नाही. तुझ्या डोक्याला काम हवं असेल तर बोटीवर काहीतरी शीक.

आता मोठी बातमी. तुझं पत्र बाबांनी सभेत वाचायला लावलं. सगळं नाही, दाराचं तेवढंच. त्यांनी सभेत मागितलं, की चौदा ऑक्टोबरला, दीक्षेला वर्ष होईल त्या दिवशी, मैदानात त्यांना वाजवू द्यावं. खुर्चीवर बसून, आपल्या लोकांपुढे. रामदास उभा राहिला. म्हणाला, "भिवाकाका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण एकदा वाजंत्री सोडली ती सोडली. आज मैदानात वाजवाल, उद्या कुणी म्हणेल लग्नात काय हरकत, परवा पुन्हा त्यांच्या वरातीपुढे." बाबा म्हणाले, "वाजवणं वाईट नव्हतं रे. त्यांच्या पुढं चालणं वाईट होतं. आमच्या राजारामनं डोळ्यांनी बघितलंय, तिकडं आपल्यासारख्या माणसाला समोरच्या दारानं आत घेतात, उठून उभे राहतात."

बराच वाद झाला. शेवटी रामदास म्हणाला, असं असेल तर माझी ना नाही.

पेटी खाली आली. क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती सुकून चिरली होती. दौलत मास्तरांनी आपल्याजवळची दिली, काही न विचारता. आता बाबा पाळीवरून आले की वाजवतात. आधीसारखं नाही. एक तुकडा वाजवतात, थांबतात, मान हलवतात, पुन्हा. पिंजणखात्यातल्या धुळीनं दम पुरत नाही. पण बोटं आता ताटावर वाजत नाहीत. भेटेल त्याला सांगतात, अमेरिकेत समोरच्या दारानं. दूधवाल्यालासुद्धा.

कांता

* * *

करी रोड
२९ सप्टेंबर १९५७

राजाराम,

तुझं पत्र नाही. जुलैपासून नाही. हे विमानाच्या टपालानं पाठवते आहे.

काल रामदास वर्तमानपत्र घेऊन आला. तो भांडायला आला नव्हता, म्हणूनच जास्त वाईट वाटलं. हळू बोलला. अमेरिकेत एका गावी काळ्या मुलांना शाळेच्या दारात बंदूकवाल्या शिपायांनी अडवलं. मग सरकारला दुसरे शिपाई पाठवून त्यांना आत न्यावं लागलं. बाहेर लोक त्यांच्या अंगावर थुंकत होते. एका मुलीचा फोटो आहे. वह्या छातीशी धरून चालली आहे, मागे सगळे तोंडं वासून ओरडतायत. मी रोज शाळेत जाते, दादा. मला तो फोटो बघवेना.

रामदासनं एवढंच विचारलं, "काका, जिथं पोरांना शाळेचं दार बंद आहे, तिथं वाजवणाऱ्याला उघडं असेल?"

बाबांनी कपडे घातले आणि मला म्हणाले, "चल ठाकूरद्वारला."

रेकॉर्ड ऐकली. मी किती वेळा ऐकली असेल, पण काल पहिल्यांदा मी वाद्यं सोडून फक्त माणसं ऐकत होते. ती बाई कोण? कुठे बसली आहे? हसणारे कोण? बाबांनी डोळे मिटले होते. संपल्यावर म्हणाले, "वाजवणारा तोच हाय. टाळ्या कुणाच्या, ते आता समजंना."

घरी आल्यापासून क्लॅरिनेटला हात लावलेला नाही. चौदा तारीख समोर आहे. बाबा मैदानात वाजवणार हे सगळ्यांना सांगून झालं आहे. मी पण नुसती घरातल्या घरात फिरते. आईनं सकाळी माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं, घासलेलंच परत घासत होते.

तू कुठल्या दारानं गेला होतास?

कांता

* * *

न्यू ऑर्लिन्स
११ ऑक्टोबर १९५७

कांते,

बोट इथे परत लागली तेव्हा तुझी दोन्ही पत्रं एकदम मिळाली. आजच टाकतो हे, तरी चौदाच्या आधी पोचणार नाही.

मी आत गेलोच नाही. हॉलला दारं दोन, समोरचं गोऱ्यांचं, बाजूचं काळ्यांचं. समोरच्या रांगेत उभा राहिलो तर खिडकीतल्या माणसानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तू कुठला? इंडिया म्हटलं. त्यानं दुसऱ्याला विचारलं. दोघं हसले. मग बोटानं बाजू दाखवली. बाजूचं दार म्हणजे गल्लीतला जिना, वरच्या माळ्याचा, आणि तो माळा त्या दिवशी बंद होता. मी गल्लीत उभा राहिलो. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, त्यातून ऐकू येत होतं. मधल्या सुट्टीत तो क्लॅरिनेटवाला त्याच दारानं बाहेर आला. सूट होता, तेवढं खरं. कागदात गुंडाळलेलं काहीतरी उभ्यानं खाल्लं, हात झटकले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि आत गेला. आत टाळ्यांचा पाऊस पडला.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याची रेकॉर्ड दिसली. आत काय होतं ते तरी ऐकावं म्हणून घेतली. ती दुसऱ्याच गावच्या हॉलमधली आहे. तिथे कोण बसलं होतं मला माहीत नाही. दुकानदारानं लावून दाखवली तेव्हा ते लोकांचं ओरडणं ऐकून मला वाटलं, मीच आत आहे. त्याच्यावरूनच तिसरी रांग लिहिली. खरं लिहिलं असतं तर पेटी खाली आली नसती.

एक आणखी लिहितो. काल मी रुळांच्या पलीकडे गेलो, काळ्या लोकांच्या वस्तीत. पत्र्याची खोली, बाकडी, दहा-बारा माणसं वाजवणारी, पन्नास ऐकणारी. मला कुणी कुठला विचारलं नाही. सरकून जागा दिली. एक म्हातारा बाजाच्या पेटीसारखं वाद्य वाजवत तीच ओळ दोनदा गायला, आणि तिसरी गायच्या आधी सगळी खोली त्याच्यासाठी थांबली. तिथे बसून ऐकलं मी, कांते. ते कुणी रेकॉर्ड करत नव्हतं.

बाबांना हे सगळं वाचून दाखव. नसेल वाचवत तर नको दाखवूस. मला कळत नाही.

राजाराम

* * *

करी रोड
२५ ऑक्टोबर १९५७

दादा, जय भीम.

तुझं पत्र सोळाला आलं. बाबांना पूर्ण वाचून दाखवलं. आधी चौदा तारखेचं सांगते, मग ते काय म्हणाले ते.

तेरापर्यंत बाबा हो म्हणेनात, नाही म्हणेनात. चौदाला संध्याकाळी पांढरा सदरा घातला, पेटी उचलली आणि खाली उतरले. आई आणि मी मागे. मैदानात वंदना झाली, भाषणं झाली. स्टेजवर खुर्ची नव्हती. रामदास गेला आणि आपल्या घरातली घेऊन आला. स्वतः ठेवली आणि खाली येऊन बसला.

बाबा बसले नाहीत. आधी माईकजवळ गेले. म्हणाले, "सभेत मी सांगितलं होतं, तिकडं आपल्यासारख्याला समोरच्या दारानं घेतात. ते खरं नसावं. पोरानं बापाला बरं वाटावं म्हणून लिहिलं असंल. पेपरात काय आलंय ते तुम्ही वाचलंय. तवा त्याच्या जोरावर मी वाजवत नाय. मला वाजवायचंय म्हणून वाजवतो. ज्याला पटत नसंल त्यानं जावं, माझा राग नाय."

थोडे लोक उठले. पुढच्या ओळीतले दोघे-तिघे म्हातारेही. रामदास बसून राहिला.

मग बाबांनी वाजवलं. रेकॉर्डमधलं नाही, बँडमधलंही नाही. आई नंतर म्हणाली, गावाकडे तिची सासू दळताना म्हणायची त्यातली चाल होती. ती एकदा वाजवली, तीच परत वाजवली आणि मग वाजवता वाजवता कुठेतरी निघून गेले. दादा, मी इतके महिने भिंतीआडून तुकडे ऐकत होते, ते सगळे त्या वाटेवरचे होते हे मला तिथे कळलं.

मधेच दम संपला. क्लॅरिनेट खाली आली. बाबा मान खाली घालून खोकत होते. लोकांना वाटलं संपलं. कुणी दोन टाळ्या वाजवल्या, बायका पोरांना उचलायला लागल्या, सतरंजीवर सगळी हालचाल सुरू झाली. बाबांनी वर बघितलं आणि माईकशिवायच म्हणाले,

"बसा. अजून संपलं नाय."

सगळे बसले, दादा. एवढं मैदान, आणि सगळे खाली बसले. बाबांनी घाई केली नाही. सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, श्वास पुरा घेतला आणि मग क्लॅरिनेट ओठांना लावली. पाळीचा भोंगा झाला तेव्हा काहीजण कामावर जायला निघाले, पण वाकून, दुसऱ्यांच्या आड न येता. बाबांनी वाजवता वाजवताच त्यांना मानेनं निरोप दिला. कधी थांबले ते मला सांगता येणार नाही. टाळ्या झाल्या, पण मला त्या नीट ऐकू आल्या नाहीत. माझ्या कानात रक्त वाजत होतं.

तुझं पत्र वाचल्यावर बाबांनी त्याची घडी घातली. मग त्यांनी एकच विचारलं, "त्या गल्लीत उभ्यानं खाल्लं, आणि मग आत जाऊन वाजवलं?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "मी नसतं वाजवलं." आणि थोड्या वेळानं, "की वाजवलंबी असतं, कुणास ठाऊक." तुझ्यावर रागावलेले नाहीत. पण पुढच्या वेळी खोटं लिहायचं असलं तर फक्त जेवणाबद्दल लिही, असा निरोप आहे.

तू विचारत होतास, मी दर रविवारी कशासाठी जाते. क्लॅरिनेटवाला श्वास कुठे घेतो ते ऐकायला जाते. लोक ओरडतात, हसतात, त्याच्या आड तो श्वास घेतो. मन लावून ऐकलं तर कळतं. हे मी हेरंबना सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं. पंधराला सकाळी बाबांना सांगितलं. म्हटलं, मला शिकवा.

बाबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. म्हणाले, "बाईमाणसानं क्लारनेट वाजवलेली मी बघितली नाय." मी म्हटलं, "बघा मग." त्यांनी माझे दात बघितले, बाजारात बैल बघतात तसे, आणि पेटी उघडली.

आठवडाभर नुसती हवा गेली. ओठ सुजले, शाळेत मुलं विचारतात, बाई, मधमाशी चावली का? काल दुपारी पहिल्यांदा आवाज निघाला. चांगला नव्हता. मी वाजवतच राहिले, थांबले तर परत निघणार नाही अशी भीती. खालच्या मजल्यावरच्या कमलाबाई धापा टाकत वर आल्या. दारातूनच म्हणाल्या, "कुणाचं मूल रडतंय एवढं?"

बाबा म्हणाले, "आमचंच."

कांता